संशय आला, तर कोणाला कळवायचं?



आजचा विषय जैविक दहशतवादाचा आहे. पण कुठला जंतू किती घातक आणि कोणत्या देशाने काय साठवलं होतं, या यादीत आज आपण शिरणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आज एकच साधा प्रश्न घेऊ. समजा, एकाच इमारतीतले पाच-सहा धडधाकट लोक दोन दिवसांत एकसारखे आजारी पडले. किंवा तुमच्या ऑफिसच्या टपालात पावडर भरलेलं पाकीट आलं. तुम्हाला संशय आला. आता कळवायचं कोणाला, कधी, आणि सांगायचं काय?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, "आधी खात्री करून घेऊ, मग कळवू. उगीच बोभाटा कशाला?" हे उत्तर समंजस वाटतं, पण अशा प्रसंगात सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. का, ते समजून घ्यायला आपण २००१ सालच्या अमेरिकेत जाऊ.

फ्लोरिडातला फोन

११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. २ ऑक्टोबर २००१ ला फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात रॉबर्ट स्टीव्हन्स नावाच्या ६३ वर्षांच्या गृहस्थांना दाखल केलं गेलं. ते एका वृत्तपत्र कंपनीत छायाचित्र संपादक होते. अंगात ताप, उलट्या, आणि बोलण्यात भ्रम. डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका आली. मणक्यातलं पाणी काढून तपासायला घेतलं.

लॅरी बुश हे संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर. त्यांनी ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात दिसणारे लांबट, कांडीच्या आकाराचे जंतू नेहमीच्या मेंदूज्वराचे नव्हते. त्यांच्या मनात अँथ्रॅक्स आला. आपल्याकडे याच रोगाला काळपुळी म्हणतात. तो मुळात गुराढोरांचा रोग. गुरं पाळणाऱ्या, कातडी किंवा लोकर हाताळणाऱ्या माणसांना तो कधीमधी होतो, आणि तोही बहुतेक वेळा त्वचेचा. श्वासातून होणारा अँथ्रॅक्स अमेरिकेत १९७६ नंतर कोणालाच झाला नव्हता. मग ऑफिसात बसून फोटो निवडणाऱ्या माणसाच्या अंगात हे जंतू आले कुठून?

डॉक्टर बुश यांच्याकडे त्या क्षणी खात्री नव्हती. पक्की तपासणी व्हायला दोन दिवस लागणार होते. त्यांनी ते दोन दिवस वाट पाहिली नाही. त्यांनी त्याच दिवशी काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, आरोग्य विभागप्रमुख डॉक्टर जीन मॅलेकी यांना फोन करून आपली शंका सांगितली. नमुना जॅक्सनव्हिलच्या राज्य प्रयोगशाळेत गेला. ४ ऑक्टोबरला अँथ्रॅक्स असल्याचं नक्की झालं. ५ ऑक्टोबरला स्टीव्हन्स वारले.

मग त्या फोनचा उपयोग काय झाला? स्टीव्हन्स वाचले नाहीत, हे खरं. पण त्याच कंपनीच्या टपाल विभागातले एक वयस्कर कर्मचारी तेव्हा मायामीच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यूमोनिया म्हणून दाखल होते. स्टीव्हन्स यांचं निदान कळल्यावर त्यांचीही त्या दृष्टीने तपासणी झाली, आणि ते बरे होऊन घरी गेले. कंपनीची इमारत बंद झाली. तिथल्या हजाराच्या आसपास लोकांची तपासणी झाली आणि त्यांना प्रतिजैविकं सुरू झाली. देशभरातल्या डॉक्टरांचे डोळे उघडले ते वेगळंच.

हे डोळे उघडणं किती गरजेचं होतं ते पाहा. जंतू भरलेल्या पत्रांच्या पहिल्या खेपेवर टपालाचा शिक्का होता १८ सप्टेंबरचा. म्हणजे फ्लोरिडात निदान होण्याआधी दोन आठवडे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत सप्टेंबर संपायच्या आतच काही जणांच्या त्वचेवर काळ्या खपलीचे फोड आले होते. ते वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेले. कोणाला किडा चावल्यासारखं वाटलं, कोणाला साधा जंतुसंसर्ग. ४ ऑक्टोबरपर्यंत त्यातल्या एकाचंही अँथ्रॅक्स म्हणून निदान झालं नव्हतं. डॉक्टर निष्काळजी होते असं मी म्हणत नाही. प्रत्येकासमोर एकच रुग्ण होता. एका रुग्णात काही दिसत नाही, पाच रुग्ण एका कागदावर आले की दिसतं. कळवायचं ते यासाठी. आपल्या हातात कोड्याचा एकच तुकडा असतो, आणि सगळे तुकडे एका टेबलावर यावे लागतात.

बातमी पोचली, पण सगळ्यांपर्यंत नाही

याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे.

१५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात एक पाकीट उघडलं गेलं आणि त्यातून पावडर उडाली. तिथल्या लोकांनी लगेच कळवलं. यंत्रणा धावून आली आणि कर्मचाऱ्यांना तपासणी व औषधं तातडीने मिळाली. त्या खोलीतलं कोणीही दगावलं नाही.

पण ते पाकीट तिथे पोचलं कसं? ते ब्रेंटवुड नावाच्या मोठ्या टपाल केंद्रातून आलं होतं. तिथे दोन हजारांहून अधिक लोक कामाला होते. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडणार नाहीत, असा तेव्हा तज्ज्ञांचा समज होता. त्यामुळे ब्रेंटवुड चालूच राहिलं. प्रत्यक्षात पत्रं वेगाने पुढे ढकलणाऱ्या यंत्रांच्या दाबाखाली पाकिटातून बारीक पावडर बाहेर पडत होती. ते केंद्र बंद झालं २१ ऑक्टोबरला, म्हणजे सहा दिवसांनी.

तिथल्या चार कर्मचाऱ्यांना श्वासातला अँथ्रॅक्स झाला. दोघं वाचले. थॉमस मॉरिस आणि जोसेफ कर्सीन हे दोघं गेले. मॉरिस यांनी २१ ऑक्टोबरला पहाटे ९११ या आपत्कालीन क्रमांकावर स्वतः फोन केला होता. आपला अँथ्रॅक्सशी संबंध आला असावा ही शंका त्यांनी स्पष्ट सांगितली, कामावर पावडर असलेल्या पाकिटाशी संबंध आल्याचंही सांगितलं. त्याच दिवशी ते वारले. कर्सीन त्याच दिवशी रुग्णालयात गेले होते, तिथून त्यांना घरी पाठवलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. त्या टपाल केंद्राला आज या दोघांची नावं दिलेली आहेत.

म्हणजे कळवणं हे फक्त खालून वर जाणारं काम नाही. कळलेली गोष्ट वरून खाली आणि आडवीही गेली पाहिजे. जिथे पाकीट उघडलं ती खोली महत्त्वाची, तितकीच ते पाकीट ज्या ज्या हातांतून गेलं ते हातही महत्त्वाचे. साहेबांच्या केबिनमध्ये जे कळतं ते शिपाई, टपाल वाटणारा आणि सफाई कामगार यांनाही त्याच तासाला कळायला हवं. एकूण २२ जण आजारी पडले, पाच दगावले. त्या २२ पैकी २० जण टपाल हाताळणारे होते किंवा असं टपाल येणाऱ्या ठिकाणी वावरणारे होते.

आणि गुन्हेगार? त्या तपासाची फाईल बंद व्हायला २०१० साल उजाडलं. तपास यंत्रणेने ज्या शास्त्रज्ञावर ठपका ठेवला, तो २००८ मध्येच मरण पावला होता. कोणी केलं हे कळायला वर्षं लागतात, पण औषध द्यायचं तर तासांत द्यावं लागतं. म्हणून कळवण्याचं काम तपासासाठी थांबत नाही.

हल्ला आहे हे न कळताही

आता एक उदाहरण असं, ज्याचा धागा आपल्या पुण्याशी जुळतो. पुण्याच्या कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेत गेले आणि ऑरेगन राज्यात त्यांच्या अनुयायांनी रजनीशपुरम वसवलं. सप्टेंबर १९८४ मध्ये जवळच्या द डॅल्स या गावात लोकांना पोटदुखी, ताप, जुलाब सुरू झाले. बाहेर जेवलेल्या लोकांनी स्थानिक आरोग्य विभागाला फोन करून तक्रारी केल्या. तपासणीत साल्मोनेला जंतू सापडला. रुग्णांची संख्या ७५१ वर गेली. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

तेव्हा अधिकाऱ्यांचा निष्कर्ष होता की हॉटेलात अन्न हाताळणाऱ्या कामगारांकडून हे पसरलं असावं. गावातल्या दहा हॉटेलांच्या सॅलडच्या टेबलांवर आश्रमातल्या काही मंडळींनी मुद्दाम जंतू मिसळले होते, आणि हेतू होता स्थानिक निवडणुकीत गावकऱ्यांना मतदानापासून दूर ठेवण्याचा. हे बाहेर आलं ते वर्षभराने.

म्हणजे यंत्रणा चुकली का? कारण ओळखण्यात चुकली. पण लोकांनी वेळेवर कळवलं, आरोग्य विभागाने रुग्णांच्या जेवणाची चौकशी केली, सॅलडची टेबलं बंद झाली, आणि साथ थांबली. हल्ला आहे हे कोणालाही ठाऊक नसताना हल्ल्याचं नुकसान आटोक्यात आलं. ही सगळी नेहमीच्या साथीसाठी उभारलेली साधी व्यवस्था होती.

म्हणून लक्षात ठेवा, साथ नैसर्गिक आहे की कोणी घडवलेली, हे ठरवणं तुमचं काम नाही. तुमचं काम आहे, नेहमीपेक्षा वेगळं दिसतंय हे सांगणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतही हेच तत्त्व आहे. अनपेक्षित किंवा विचित्र घटनेची माहिती तिचा उगम कोणताही असो, देशांनी संघटनेला द्यायची. आणि घटना जागतिक चिंतेची ठरू शकते असं मूल्यमापनात दिसलं, तर २४ तासांच्या आत द्यायची. देशांनाही 'आधी कारण शोधा' अशी सवलत नाही.

आपल्याकडे कोणाकडे जायचं?

भारतात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. डॉक्टरांच्या तोंडी त्याचं नाव आयडीएसपी. प्रत्येक जिल्ह्यात त्याचा सर्वेक्षण कक्ष असतो, त्याच्यावर राज्याचा कक्ष, आणि वर दिल्लीतलं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे एनसीडीसी. गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून माहिती भरतात. २००८ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जबाबदारी वाटून दिली आहे: जैविक आपत्ती असेल तर केंद्रात आरोग्य मंत्रालय मुख्य, आणि जैविक दहशतवाद असेल तर गृह मंत्रालय मुख्य.

ही वाटणी वरच्या पातळीची झाली. तुम्ही इंदूरला असा, बेळगावात, बडोद्यात की हैदराबादेत, तुमच्यासाठी दारं दोनच.

लोक आजारी दिसत असतील, पण पाकीट, धमकी, फवारणी असं काही नसेल, तर आरोग्याचं दार. गावात प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा आशाताई, शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग. तिथून गोष्ट जिल्हा सर्वेक्षण कक्षात जाते.

संशयास्पद पाकीट, पावडर, धमकीचं पत्र किंवा कोणी काही शिंपडताना दिसलं, तर ११२ वर पोलिसांचं दार. हा क्रमांक देशभर एकच आहे. त्यांच्याकडून पुढे आरोग्य विभाग आणि गरज पडली तर एनडीआरएफची प्रशिक्षित पथकं येतात.

दार चुकलं म्हणून घाबरू नका. शंका वाटली तर दोन्हीकडे कळवा. पोलिसांना पुरावा आणि माणूस हवा असतो, डॉक्टरांना संपर्कात आलेल्यांची यादी हवी असते. दोघांची गरज वेगळी आहे, म्हणून एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल असं गृहीत धरू नका.

फोनवर काय सांगायचं?

घाबरलेला माणूस फोनवर निष्कर्ष सांगतो, "आमच्याकडे अँथ्रॅक्स आलाय!" समोरच्याला त्याचा उपयोग नसतो. त्याला हव्या असतात या गोष्टी:

• ठिकाण नेमकं कोणतं, मजला आणि खोलीसकट.
• काय दिसलं आणि किती वाजता.
• किती लोक आजारी, लक्षणं काय, केव्हापासून.
• या लोकांमध्ये सामाईक काय. एकच ऑफिस, एकच लग्नाचं जेवण, एकच पाण्याची टाकी?
• परिसरात जनावरं किंवा पक्षी मेलेत का?
• वस्तूला कोणी हात लावला, खोलीत कोण कोण होतं.
• तुमचं नाव आणि परत फोन करता येईल असा क्रमांक.

फोन झाला की कोणाशी बोललात त्यांचं नाव आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. दोन तासांत काही हालचाल दिसली नाही तर पुन्हा फोन करा. पाठपुरावा म्हणजे कटकट नव्हे.

आता पाकिटाबद्दल. ते हलवू नका, हुंगू नका, उघडं असेल तर पावडर झाडायला जाऊ नका. आहे तिथे अलगद ठेवा, हाताशी असेल त्या पिशवीने किंवा कापडाने झाका. पंखा आणि एसी बंद करा. सगळ्यांनी खोलीबाहेर यायचं, दार लावायचं, साबण-पाण्याने हात धुवायचे. कपड्यांवर पावडर पडली असेल तर ते काढून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि अंघोळ करायची. खोलीत असलेल्यांनी मदत येईपर्यंत परस्पर घरी निघून जायचं नाही. आणि फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

ऐकणाऱ्यांत डॉक्टर आणि लॅबवाले असतील, तर त्यांच्यासाठी दोन शब्द. अहवालाची वाट पाहत बसू नका, जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना थेट फोन करा, पोर्टलवर नंतर भरा. नमुना पाठवताना काय संशय आहे ते लॅबला आधी सांगा, कारण तिथे काम करणाऱ्यांचाही जीव आहे. नमुना कोणी घेतला, कोणाच्या हाती दिला, किती वाजता, याची नोंद ठेवा. उद्या तोच नमुना पुरावा ठरू शकतो.

चुकलो तर?

खरी अडचण इथे आहे. लोकांना हसं होण्याची भीती वाटते. डॉक्टरांना वाटतं, रुग्णालयाचं नाव खराब होईल. हॉटेलवाल्याला वाटतं, धंदा बसेल. आणि कायद्याची भीती तर असतेच.

कायद्याचं आधी सांगतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ मध्ये खोटी घबराट पसरवणाऱ्याला शिक्षा आहे. पण अधिकाऱ्याला प्रामाणिक शंका कळवणं म्हणजे घबराट पसरवणं नव्हे. घबराट पसरते ती तीच शंका खात्री म्हणून शंभर जणांना पाठवल्यावर. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली तेव्हा नेमकी माहिती मिळायच्या आत लाखो लोक शहर सोडून गेले. कोणी म्हणे पाण्यात विष कालवलंय, कोणी काय. अधिकृत माहिती जिथे उशिरा येते तिथे अफवा आधी पोचते. लवकर कळवणं हा अफवेवरचाही उपाय आहे.

फ्लोरिडात स्टीव्हन्स यांचं निदान जाहीर झालं त्या दिवशी अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी हा एकटा-दुकटा रुग्ण असल्याचं सांगितलं, आणि ते गृहस्थ ओढ्याचं पाणी प्यायले होते असाही उल्लेख केला. लोकांना धीर द्यायचा होता, पण काही दिवसांत ते सगळं मागे घ्यावं लागलं आणि विश्वास गेला तो गेलाच. म्हणून कळवणाऱ्याने आणि जाहीर करणाऱ्याने, दोघांनीही माहीत असेल तेवढंच सांगावं.

आणि शंका खोटी ठरली तर? मे २०१८ मध्ये कोळिकोडच्या एका खासगी रुग्णालयात मेंदूज्वराचा एक तरुण आला. त्याचा भाऊ काही दिवसांपूर्वी तशाच आजाराने गेला होता, घरातले आणखी लोकही आजारी होते. डॉक्टरांना हे नेहमीचं वाटलं नाही. त्यांनी नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेत पाठवले, आरोग्य खात्याला कळवलं, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निपाह असल्याचं पक्कं केलं. त्या साथीत १९ रुग्ण आणि १७ मृत्यू झाले. रोग इतका जीवघेणा असूनही साथ दोन जिल्ह्यांच्या बाहेर गेली नाही, कारण दोन हजारांहून अधिक संपर्कातले लोक शोधून त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. तो हल्ला नव्हता, वटवाघळांचा विषाणू होता. पण पहिला फोन अगदी तोच होता जो हल्ल्यात करावा लागला असता.

म्हणजे तुमची हल्ल्याची शंका चुकली तरी तुमचा फोन वाया जात नाही. कधी अन्नातली विषबाधा सापडते, कधी फुटलेली पाण्याची लाईन, कधी खरीच नवी साथ. आणि काहीच नाही निघालं, तर एका अधिकाऱ्याची दुपार गेली, इतकंच.

आज एक छोटं काम करा. तुमच्या जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षाचा किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाचा फोन नंबर शोधा आणि मोबाईलमध्ये साठवून ठेवा. ऑफिसात असाल तर टपाल घेणाऱ्या माणसालाही तो द्या, कारण पहिलं पाकीट त्याच्याच हातात येतं.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.